मांडीवरच्या खळ्या आणि बारा हप्ते

आमच्याकडे एक पत्र आले आहे. पत्र लिहिणारी भगिनी एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते, नवरा रिक्षा चालवतो. मुलगी २३ वर्षांची, बी. कॉम. झालेली. मॉलमध्ये काउंटरवर दिवसभर उभी असते. मुलीला स्थळ आले. मुलगा नोकरीला लागलेला, माणसे बरी. बोलणी जवळजवळ पक्की झाली. मात्र निघताना मुलाची आत्या उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "मुलगी खालून जरा भरलेली आहे. लग्नापर्यंत उतरेल ना?"

झाले! त्या दिवसापासून मुलीने रात्रीचे जेवण सोडले. मैत्रिणीने मोबाईलवर एका केंद्राची जाहिरात दाखवली. मुलगी तेथे गेली. पांढरा कोट घातलेल्या एका बाईने तिची मांडी चिमटीत धरून आरशात दाखवली आणि सांगितले, "ह्या ज्या खळ्या पडल्या आहेत ना, हे सेल्युलाइट. शरीरातले विष इथे साचते. आत्ताच काढले नाही तर पुढे बाळंतपणात जड जाईल." उपाय काय, तर १२ बैठकांचे पॅकेज. किंमत ४२ हजार रुपये, महिना साडेतीन हजारांचा हप्ता.

आईने विचारले आहे : हा रोग आहे का? बाळंतपणाशी याचा काही संबंध आहे का? आणि हप्त्याला जामीन मागतात म्हणून बचत गटातून एकरकमी कर्ज काढावे का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही आधीच देऊन टाकतो. हा रोग नाही. बाळंतपणाशी काडीचा संबंध नाही. आणि कर्ज काढू नये. पण नुसते "नको" म्हणून भागत नाही. समोरचा माणूस कोट घालून, मशीन दाखवून, इंग्रजी शब्द वापरून बोलतो, तेव्हा आपली शिकलेली मुलगीही गप्प बसते. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घेऊ.

आधी या खळ्या पडतात कशा ते पाहू. आपल्या घरात गोधडी असतेच. ती डोळ्यांपुढे आणा. वर लुगड्याचे कापड, आत जुन्या चिंध्यांचे थर, आणि वरपासून खालपर्यंत घातलेले टाके. जेथे टाका बसतो तेथे कापड खाली ओढले जाते. दोन टाक्यांच्या मधला भाग वर फुगतो. स्त्रीच्या मांडीची आणि कुल्ल्याची रचना पुष्कळशी अशीच आहे. वर कातडी, खाली चरबीचा थर, आणि कातडीला खालच्या थराशी बांधून ठेवणारे चिवट धागे. धागा ओढतो तेथे खळी दिसते, मधली चरबी वर येते तेथे उंचवटा दिसतो. बस, इतकेच. विष नाही, घाण नाही, साचलेले पाणी नाही.

मग पुरुषांना हे का होत नाही? कारण पुरुषाच्या अंगात हे धागे तिरपे, एकमेकांना छेदत, जाळीसारखे विणलेले असतात. चरबीला वर यायला वाट मिळत नाही. शिवाय त्यांची कातडी जाड. स्त्रीचे धागे उभे, कातडी पातळ, आणि वयात येताना शरीर मांड्यांवर व कुल्ल्यांवर चरबी ठेवू लागते. गरोदरपण आणि अंगावर पाजणे यांसाठी निसर्गाने केलेली ही साठवण आहे. म्हणजे जी चरबी बाळंतपणात उपयोगी पडावी म्हणून तेथे आहे, तिचीच भीती बाळंतपणाच्या नावाने घातली जाते. काय म्हणावे याला!

वयात आलेल्या शंभर स्त्रियांपैकी ८० ते ९० जणींना या खळ्या कमीअधिक असतात, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. सडपातळ बाईलाही असतात. आईला असतील तर मुलीला असण्याची शक्यता जास्त. ज्या खुणा शंभरात नव्वद जणींच्या अंगावर आहेत त्यांना दोष म्हणायचे की स्त्रीचे शरीर म्हणायचे, हे प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावे.

आपल्या मराठीत याला शब्द नाही हेही ध्यानात घ्या. नाकाला, डोळ्याला, केसाला, चालीला आपल्याकडे पन्नास शब्द आहेत, नावे ठेवायला तर शंभर. पण आमच्या आज्यांना मांडीवरच्या या खळ्यांसाठी शब्द लागला नाही. शब्द आला तो बाहेरून, आणि तो कसा आला ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

'सेल्युलाइट' हा मूळ फ्रेंच शब्द. १८७३ च्या एका फ्रेंच वैद्यकीय कोशात तो सापडतो, पण तेथे त्याचा अर्थ शरीराच्या आतल्या भागाची सूज असा निराळाच होता. पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत फ्रान्समधल्या सौंदर्यगृहांनी आणि बायकांच्या मासिकांनी तो उचलला आणि मांडीवरच्या खळ्यांना चिकटवला. एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकेतल्या 'व्होग' मासिकाने तो तिकडच्या बायकांपुढे आणला. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सौंदर्यगृह चालवणाऱ्या निकोल रॉन्सार्ड या बाईंचे यावर पुस्तक निघाले आणि ते धडाक्याने खपले. म्हणजे १९६७ साली जी अमेरिकन बाई आरशात स्वतःकडे पाहून कामाला जात होती, तिला १९७३ साली एक नवा आजार जडलेला होता. अंग तेच, शब्द नवा.

१९७८ मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्युलर या दोन जर्मन डॉक्टरांनी मृतदेहांची आणि जिवंत स्त्री-पुरुषांच्या कातडीची तपासणी करून वर सांगितलेली धाग्यांची रचना दाखवली. त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच सेल्युलाइटला 'शोधून काढलेला रोग' म्हटले. शोध लागलेला नव्हे बरे का, शोधून काढलेला! या घटनेलाही आता जवळपास अर्धे शतक होत आले. तरी पांढऱ्या कोटातली बाई अजून 'विष' म्हणते, कारण विष म्हटल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

आपल्या देशात हा बाजार १९९० नंतर फोफावला. परदेशी मालाला दारे उघडली, घरोघरी केबल आली, १९९४ साली एकाच वर्षी सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. दुपारच्या टेलिशॉपिंगमध्ये थरथरणारे पट्टे आणि घाम काढणारे पट्टे दिसू लागले. किती घरांत तो पट्टा आजही कपाटावर धूळ खात पडला असेल! घाम गाळून वजन काट्यावर किलोभर उतरते, ते पाण्याचे असते. दोन तांबे पाणी प्यायले की परत येते. चरबी जागची हलत नाही. घामानेच चरबी जात असती, तर मे महिन्यात लोकलच्या दुसऱ्या वर्गाने जाणारी एकही बाई जाड दिसली नसती.

आता मलमांचे पाहू. बाजारात खळ्या घालवणारी जी मलमे मिळतात त्यांत बहुधा कॅफीन असते, म्हणजे चहा-कॉफीत जे असते तेच. त्याने कातडी थोडा वेळ ताणल्यासारखी वाटते. रेटिनॉल असलेले मलम महिनोन्महिने लावले तर कातडी किंचित जाड होते आणि खळी थोडी कमी दिसते. खालचा धागा मात्र तसाच राहतो. अमेरिकेत जाहिरातींवर लक्ष ठेवणारी फेडरल ट्रेड कमिशन नावाची सरकारी यंत्रणा आहे. २०११ मध्ये निव्हिया मलम बनवणाऱ्या बायर्सडॉर्फ कंपनीने असल्याच दाव्यावरून या यंत्रणेशी तडजोड करून ९ लाख डॉलर भरले. मलम नियमित चोळल्याने अंग बारीक होते, असा तो दावा होता. २०१४ मध्ये तर आणखी गंमत झाली. कॅफीन भरलेल्या कापडाच्या तंग चड्ड्या विकून त्याने मांड्या बारीक होतात, खळ्या जातात, असे सांगणाऱ्या दोन कंपन्यांना ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. चहाची पूड फडक्यात बांधून मांडीला गुंडाळण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की चहाची पूड स्वस्त पडते आणि उरली तर पिता येते.

मशीनने मालीश करण्याचा प्रकार फ्रान्समधून आला. दोन रुळांमध्ये कातडी ओढून घेऊन दाबतात. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलीला सांगितलेल्या १२ बैठका बहुधा याच किंवा यासारख्या मशीनच्या असाव्यात. या मशीनला १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली, पण ती 'खळ्या तात्पुरत्या कमी दिसण्यासाठी' एवढीच. या 'तात्पुरत्या' शब्दावर बोट ठेवा. बैठका थांबल्या की अंग पूर्वीसारखे होते. हप्ते मात्र चालू राहतात.

मग कशानेच काही होत नाही का? आम्ही खोटे बोलणार नाही. कातडीखाली सुई किंवा बारीक पाते घालून तो ओढणारा धागाच कापण्याची एक पद्धत आहे. तज्ज्ञ डॉक्टरांच्या हातून ती झाली तर निवडक खळ्या काही वर्षे कमी दिसतात. पण ती महाग आहे, काळेनिळे डाग पडतात, आणि सगळ्या मांडीला ती लागू पडत नाही. धागे विरघळवणारे एक इंजेक्शन जुलै २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले होते. मोठा गाजावाजा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच ते बंद करत असल्याचे जाहीर केले, कारण डाग आणि कातडीचा बदललेला रंग जाईना. जगातल्या श्रीमंत देशांत, सगळी साधने हाताशी असताना, दीडशे वर्षांपूर्वीच्या या शब्दावर कायमचा इलाज सापडलेला नाही. तो आपल्या नाक्यावरच्या दुसऱ्या मजल्यावर १२ बैठकांत सापडेल काय?

लेसरच्या मशीनविषयी आणखी एक गोष्ट. गोऱ्या कातडीवर चालणारा जोर सावळ्या किंवा काळ्या कातडीवर तसाच वापरला तर कातडी भाजते आणि काळे डाग राहतात. कातडीचा रंग पाहून मशीन किती ठेवायचे हे शिकलेला त्वचारोगतज्ज्ञ जाणतो. आठ दिवसांचा कोर्स केलेली मुलगी जाणत नाही. त्या मुलीचाही दोष नाही म्हणा, तीही आपल्यासारख्याच घरातून पगारासाठी आलेली असते.

येथपर्यंत फक्त पैसे जाण्याची गोष्ट झाली. आता जिवाची गोष्ट सांगतो.

खळ्यांसाठी गेलेल्या बाईला हळूच पुढची पायरी दाखवतात : "ताई, खळ्यांपेक्षा तुमची चरबीच काढून टाकू. अंगाला आकार येईल." यात एक प्रकार थंडीचा आहे. त्याचे मूळ गमतीचे. लहान मुलांनी बर्फाची कांडी गालात धरून चोखली की कधी कधी गालाच्या आतली चरबी सुजते आणि नंतर तेथे खळगा पडतो, असे डॉक्टरांनी १९७० च्या सुमारास नोंदवले होते. म्हणजे थंडीने कातडीआधी चरबी मरते. त्यावरून अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी चरबी गोठवण्याची पद्धत काढली आणि २०१० मध्ये तिला परवानगी मिळाली. कमरेच्या वळकटीची जाडी काही महिन्यांत साधारण पाचव्या हिश्शाने कमी होऊ शकते. वजन उतरत नाही, आणि मांडीवरच्या खळ्यांसाठी ती नाहीच. लिंडा इव्हान्जेलिस्टा ही एके काळची जगप्रसिद्ध मॉडेल. तिच्या अंगावर या उपचाराने उलटेच झाले. जेथे जेथे थंडी लावली तेथली चरबी वाढून कडक झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने हे जाहीरपणे सांगितले, कंपनीवर ५ कोटी डॉलरचा दावा लावला आणि २०२२ मध्ये तो आपसात मिटला. हा दुष्परिणाम क्वचित होतो, पण झाला की आपोआप जात नाही. तिच्याकडे वकील होते. आपल्याकडे काय आहे?

दुसरा प्रकार म्हणजे चरबी विरघळवण्याची इंजेक्शने. यातले एक औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले, ते फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. पोट, दंड, मांडी येथे टोचण्याच्या नामंजूर इंजेक्शनांनी जंतुसंसर्ग, गाठी आणि कायमचे व्रण झाल्याचा इशारा तिकडच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिला. कोणी पार्लरमध्ये सुई हातात घेतली की पर्स उचलून उठावे. लाजू नये.

तिसरा प्रकार म्हणजे लायपोसक्शन, म्हणजे नळी घालून चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया. १९७० च्या दशकात इटलीत फिशर पितापुत्रांनी आणि फ्रान्समध्ये इलूझ यांनी ती सुरू केली. ही शस्त्रक्रिया आहे, शृंगार नव्हे. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांकडून माहिती गोळा करून २००० मध्ये एक अहवाल छापला गेला. त्यात सुमारे ५ हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू, असा हिशेब निघाला. रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे त्यातले सर्वांत मोठे कारण. नळी आतड्याला लागते, भूल जास्त होते, चरबीचे थेंब रक्तात शिरतात. त्यानंतर काळजी वाढली, पद्धत सुधारली, हे खरे. पण मांडीची किंवा पोटाची चरबी काढून कुल्ल्यात भरण्याचा जो प्रकार मध्यंतरी निघाला, त्यात मरणाचे प्रमाण ३ हजारांत एक इतके असू शकते, असा इशारा २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्याच संघटनांना द्यावा लागला.

हे सगळे परदेशातले, असे म्हणू नका. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही २१ वर्षांची, कन्नड मालिकांत काम करणारी मुलगी चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी वारली. आम्हाला न सांगता ती गेली होती, असे तिच्या आईवडिलांनी त्या वेळी सांगितले. 'न सांगता' या दोन शब्दांपाशी आम्ही फार वेळ थांबलो. मुलगी घरी का सांगत नाही? घरी सांगितले तर हसतील, ओरडतील, किंवा "खरेच जाड झालीस" म्हणतील, म्हणून. आपल्या घरात जेवताना "पुरे कर आता" म्हणणारा भाऊ असतो, "म्हशीसारखी पसरलीस" म्हणणारी मावशी असते, आणि त्यावर सगळे हसतात. मुलगीही हसते. मग एक दिवस ती एकटीच कोणाच्या तरी टेबलावर जाऊन झोपते.

आणि ज्या खळ्यांपासून गोष्ट सुरू झाली, त्या लायपोसक्शनने जात नाहीतच. उलट आतली चरबी गेल्यावर कातडी सैल पडून खळ्या जास्त उठून दिसू शकतात. त्वचारोगतज्ज्ञ खळ्यांसाठी ही शस्त्रक्रिया करू नका असेच सांगतात. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या अभ्यासात, २०११ मध्ये, असेही दिसले की मांडीची चरबी काढलेल्या बायकांच्या अंगावर वर्षभरात तेवढीच चरबी परत आली, पण मांडीवर नाही, वर पोटाकडे. पैसे देऊन चरबी चांगल्या जागेवरून वाईट जागी हलवण्याचाच हा उद्योग झाला.

वाईट जागी असे आम्ही मुद्दाम म्हणतो. मांडीवरची चरबी निरुपद्रवी आहे. घात करते ती पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी. आपल्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आपल्या लोकांत वजन फारसे नसतानाही पोट सुटते व साखर वाढते. शिवणकामाची टेप घ्या, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर, कातडीवरून कंबर मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या वर असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात हे होते. त्यासाठी ४२ हजार लागत नाहीत.

पोटाचीच चरबी नळीने काढली तर साखर उतरेल, असे वाटेल. त्याचाही प्रयोग झाला आहे. २००४ मध्ये सॅम्युएल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सरासरी ९ ते १० किलो चरबी काढून पाहिली. अडीच-तीन महिन्यांनी तपासले तर साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी यांत सुधारणा नाही! कारण नळी पोहोचते ती कातडीखालच्या चरबीपर्यंत. आतली, आतड्यांभोवतीची, तशीच राहते. ती चालण्याने, कामाने आणि खाणे बदलल्याने उतरते, आणि सुदैवाने तीच आधी उतरते.

आता "चाला" म्हणताना आम्हाला संकोच होतो. जी बाई पहाटे साडेपाचला झाडू घेऊन निघते, किंवा चार घरची धुणीभांडी करून पाचव्या घरी जाते, तिला चालण्याचा उपदेश करणे म्हणजे थट्टा आहे. तिच्यासाठी प्रश्न चालण्याचा नसून झोपेचा आणि वेळेवर जेवण्याचा आहे. सकाळपासून तीन कप गोड चहा आणि बटर, दुपारी वडापाव, आणि रात्री अकराला एकदम पोटभर भात, हा क्रम मोडता आला तर पाहावा. चहातली साखर निम्मी करावी. डब्यात भाकरीबरोबर मूठभर मटकी किंवा चणे असावेत. पण दिवसभर मशीनवर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या, आणि घरी येऊन मोबाईल घेऊन आडव्या होणाऱ्या आमच्या मुलामुलींना मात्र "चाला" हे आम्ही ठणकावून सांगू. जिना चढल्याने आणि उठाबशांनी मांडीचा स्नायू घट्ट होतो, तेव्हा खळ्याही थोड्या कमी दिसतात. फुकटात, आणि हप्त्याशिवाय.

एका सारख्या नावाची फसगत येथे सांगितली पाहिजे, कारण त्यात खरा धोका आहे. 'सेल्युलाइट' वेगळे आणि 'सेल्युलायटिस' वेगळे. सेल्युलायटिस हा जंतूंमुळे होणारा खरा रोग आहे. पायाला चीर पडते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तेथून जंतू शिरतात. मग पाय लाल, गरम, सुजलेला, ठणकणारा होतो, थंडी वाजून ताप येतो. मधुमेह असलेल्या माणसाला तो फार लवकर चढतो. अशा वेळी शेक, लेप, मालीश काही करू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्रतिजैविके वेळेवर मिळाली तर बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. पावसाळ्यात गटारात, शेतात, ओल्या फरशीवर काम करणाऱ्या आपल्या माणसांनी हे नाव लक्षात ठेवावे.

तसेच एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तातडीने दाखवावे. पाय हळूहळू जाड होत जात असेल तर हत्तीरोगाची तपासणी करावी. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूच्या वाचकांना हे नवे नाही. आणि काही बायकांचे दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड, दाबले की दुखणारे, लगेच काळेनिळे होणारे असतात, पावले मात्र बारीकच राहतात. याला लिपिडीमा म्हणतात. १९४० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याची प्रथम नोंद केली. उपास करून हे पाय उतरत नाहीत, आणि अशा बाईला "खादाड" म्हणणे हा अन्याय आहे. तिने पार्लरकडे न जाता मोठ्या रुग्णालयात जावे.

पुन्हा पैशाकडे येऊ. बचत गटातून शेकडा दोन रुपयांनी ४२ हजार काढले, तर पहिल्याच महिन्याचे व्याज ८४० रुपये होते. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने आपल्या दिवसभराच्या मजुरीने त्या ८४० रुपयांना भागून पाहावे. गटातली दुसरी बाई शिलाई मशीन घेण्यासाठी त्याच पैशाची वाट पाहत असेल. आणि त्या आत्याबाईंना काय सांगायचे? आम्हाला विचाराल तर मुलीच्या वडिलांनी स्वतः जाऊन, आदराने पण स्पष्ट विचारावे, की तुमच्या घरी सून येणार आहे की वजनकाटा? मुलाला मुलगी पसंत असेल तर तो तेथेच बोलेल. तो गप्प राहिला, तर ४२ हजार भरण्याआधीच बरेच काही कळले असे समजावे.

ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. 'लठ्ठपणा' औषधाने बरा करतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून पावती मागून घ्या. पॅकेजचा कागद, जाहिरातीचा फोटो, मोबाईलवरचे निरोप पुसू नका. "इतके इंच उतरतील" असे कोणी तोंडी सांगितले, तर तेवढे कागदावर लिहून सही मागा. शंभरातले नव्वद तेथेच गडबडतात. बैठका अर्धवट सोडल्या तर उरलेल्या बैठकांचे पैसे लेखी अर्ज करून परत मागा. "पैसे परत मिळणार नाहीत" असे पावतीवर छापले म्हणजे तो काही कायदा होत नाही.

दाद मिळाली नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, केंद्र जेथे आहे तेथे खेपा घालाव्या लागत नाहीत. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तक्रार गेली पाहिजे. अर्ज लिहायला अडचण वाटली तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला बसवा, आणि अर्जासोबत जोडायच्या पावत्यांच्या झेरॉक्स प्रती दोन काढा, मूळ पावती हातातून सोडू नका.